मोलकरणीची साक्ष

डॉ. जेकिलच्या घरातली ती शेवटची रात्र. वकील अटरसन आत येतो तेव्हा पुढच्या दालनात शेकोटी भडकलेली आहे आणि घरातले झाडून सगळे नोकर, बायका आणि पुरुष, मेंढरांसारखे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्याला पाहताच एक मोलकरीण रडायला लागते. स्वयंपाकीण देव पावल्यासारखी त्याच्याकडे धावते. वीस वर्षं त्या घरात काढलेला बटलर पूल रडणाऱ्या मुलीवर खेकसतो, कारण त्याचीही पाचावर धारण बसलेली आहे. मग एकाच्या हातात शेकोटीची सळई, दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड, असे अटरसन आणि पूल मागच्या प्रयोगशाळेकडे निघतात. कादंबरी त्यांच्या पाठोपाठ जाते आणि त्या मुलीकडे पुन्हा वळून पाहत नाही. मालक मेल्यावर तिचा चढलेला पगार कुणी दिला? ‘त्या घरात होतीस ना तू?’ असं विचारून पुढच्या घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं का? रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या कादंबरीत याचं उत्तर नाही. मुलीला नावसुद्धा नाही.

तिला नाव मिळायला १०४ वर्षं लागली. १९९० साली अमेरिकन लेखिका व्हॅलरी मार्टिन यांनी ‘मेरी रायली’ ही कादंबरी लिहिली आणि जेकिल-हाइडची सगळी हकीकत या मोलकरणीच्या रोजनिशीतून नव्याने सांगितली. गाजलेली भयकथा उचलायची आणि ती कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून पुन्हा सांगायची, हा प्रकार इंग्रजीत आता इतका रुळला आहे की पुस्तकांच्या दुकानात त्याचा वेगळा कप्पा करता येईल. नोकर, आया, वेड्या ठरवलेल्या बायका, खलाशी, राक्षसाची नवरी, शास्त्रज्ञाची मुलगी, कुणी म्हणून सुटलेलं नाही. ही पुस्तकं मी सापडतील तशी वाचत आलो. थोडी मनात घर करून बसली, बरीचशी मिटताक्षणी विसरलो. असं का झालं, त्याचा हा हिशेब. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना लगेच सुरुवात करता येईल. निवेदक बदलला म्हणून भयकथा नवी होत नाही. त्या निवेदकाला वेगळ्याच कशाची तरी भीती वाटत असेल, तरच ती नवी होते.

‘मेरी रायली’त हे नेमकं साधलं आहे. मूळ कादंबरीत पूल एक गोष्ट अटरसनला सहज सांगून जातो: हाइडसाहेबांचं ऐकायचं, असा आम्हा सगळ्या नोकरांना हुकूम आहे. अटरसन पडला वकील. त्याच्या डोक्यात मृत्युपत्र, खंडणी, मित्राची अब्रू, असलं सगळं घोळायला लागतं आणि वाचकही त्याच्या मागोमाग तोच विचार करतो. आता हाच हुकूम माळ्यावरच्या खोलीत झोपणाऱ्या एका तरुण मुलीच्या कानांनी ऐकून पाहा. कोण कुठला, पाहताच किळस यावी असा माणूस रात्री-अपरात्री घरात वावरणार, किल्ली त्याच्याकडे असणार, आणि त्याने काही सांगितलं तर नाही म्हणायची सोय नाही. स्टीव्हन्सनने जाता जाता उरकलेल्या या तपशिलात मार्टिन यांना अख्खी कादंबरी दिसली.

मेरीला राक्षसाची ओळख लहानपणीच झालेली आहे. दारुड्या बापाने तिला अंधाऱ्या कपाटात उंदरासोबत कोंडलं होतं. चाव्यांचे व्रण अजून तिच्या हातांवर आणि मानेवर आहेत. ते जेकिलच्या नजरेस पडतात, तो विचारतो, आणि ती त्याच्यासाठी ती हकीकत लिहून काढते. बाटलीतलं काही पोटात गेलं की आतला दुसराच माणूस बाहेर येतो, हे समजायला जेकिलला प्रयोगशाळा लागली. मेरीला ते घरीच समजलं होतं. म्हणून तर सगळ्या घरात तिलाच काहीतरी ओळखीचं जाणवत राहतं, आणि तरी ती ते मनाशीसुद्धा कबूल करत नाही. कारण कबूल केलं तर ही जागा सोडावी लागेल. त्या काळच्या इंग्लंडात बायकांना मिळणाऱ्या कामांत घरकाम सगळ्यांत मोठं होतं, आणि आधीच्या मालकाने वर्तनाची चिठ्ठी दिली नाही तर दुसरं घर मिळणं कठीण होतं. मेरी कोळसा वाहते, शेकोट्यांची राख काढते, पायऱ्या घासते आणि रात्री डायरीत लिहिते. हाइड खुनी आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, त्यामुळे ‘कोण आहे हा’ हे गूढ संपलेलंच आहे. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. ही भली जागा जाणार, हा भला मालक भला राहणार नाही, ही धाकधूक मूळ पुस्तकात नव्हती. ती इथे आहे.

सगळंच जमलं आहे असं नाही. मेरीची मालकावरची भक्ती कधी कधी इतकी ताणली जाते की तिच्यातली ती सावध मोलकरीण हरवते. शेवटी ती प्रेताशेजारी जाऊन आडवी होते. ते मला दोनदा वाचूनही पटलं नाही. तिला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून शेकोटी पेटवताना पाहायला मला जास्त आवडलं असतं. १९९६ साली स्टीव्हन फ्रिअर्स यांनी यावर चित्रपट केला. लेखक क्रिस्टोफर हॅम्प्टन, जेकिल-हाइड जॉन माल्कोविच आणि मेरीच्या भूमिकेत ज्युलिया रॉबर्ट्स. यांतल्या पहिल्या तिघांनी आठ वर्षांपूर्वी ‘डेंजरस लिएझन्स’ गाजवला होता. हा मात्र सपशेल पडला. कादंबरीत मेरीचं न बोलणं डायरीच्या ओळींमधून ऐकू येतं. पडद्यावर एक प्रसिद्ध नटी धुक्यात गप्प उभी राहिलेली दिसते, एवढंच.

इथे एक जुनी समजूत मोडायला हवी. किरकोळ माणसाच्या तोंडून भयकथा सांगणं हा आधुनिक लेखकांचा शोध आहे, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. खरं तर अभिजात भयकथा पहिल्यापासून साक्षींचीच बनलेली आहे. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ची. तिथे एक दर्यावर्दी आपल्या बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपली कथा सांगतो, आणि त्या कथेच्या पोटात त्याने घडवलेला तो प्राणी स्वतःची बाजू मांडतो. राक्षसाच्या नजरेतून कथा सांगायची युक्ती म्हणजे मूळ पुस्तकातच वापरून झालेली आहे! जेकिल-हाइडमध्ये हाइडने केलेला वृद्ध कॅर्यू यांचा खून पाहणारी एकटी साक्षीदार खिडकीत बसलेली दुसरीच एक मोलकरीण आहे. चांदण्यात सगळं पाहून ती बेशुद्ध पडते आणि रात्री दोनला शुद्धीवर आल्यावर पोलिसांना बोलावते. तिच्याशिवाय तो खून कुणी पाहिलेला नाही.

यात ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ सगळ्यांवर कडी करतो. १८९७च्या या कादंबरीत डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, फोनोग्राफवर केलेल्या नोंदी, जहाजाची रोजनिशी, सगळं आहे. काउंटने लिहिलेली रोजनिशी मात्र नाही. ज्याच्या नावाचं पुस्तक तोच मुका. त्यामुळे ही कादंबरी म्हणजे उत्तरकथा लिहिणाऱ्यांना खुलं आवतणच ठरली. फ्रेड सेबरहेगन यांनी १९७५ साली काउंटलाच टेपरेकॉर्डरसमोर बसवून आपली कैफियत द्यायला लावली. वेड्यांच्या इस्पितळात माश्या आणि कोळी खाणाऱ्या रेनफिल्डवर टिम लुकास यांनी २००५ मध्ये आणि बार्बरा हॅम्बली यांनी २००६ मध्ये कादंबऱ्या लिहिल्या. २०२३ साली तर तो एका विनोदी चित्रपटाचा नायक झाला. एस. टी. गिब्सन यांच्या २०२१च्या कादंबरीत काउंटची एक नवरी बोलते.

यांतल्या बहुतेकांपेक्षा मला मूळ पुस्तकातली डिमीटर जहाजाची ती थोडी पानं भारी वाटतात. काउंटला लपवून व्हार्नाहून इंग्लंडातल्या व्हिटबीकडे निघालेल्या या जहाजावरून एकेक खलाशी नाहीसा होत जातो. कप्तान तारीखवार नोंदी करतो आणि अखेर हात सुकाणूला बांधून घेऊन तसाच मरतो. १८८५च्या ऑक्टोबरात ‘द्मित्री’ नावाचं एक रशियन जहाज व्हिटबीच्या किनाऱ्यावर खरोखरच येऊन आपटलं होतं. स्टोकरने पुढे व्हिटबीतल्या मुक्कामात ती हकीकत टिपून घेतली. २०२३ साली या एका प्रकरणावर पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. कल्पना नामी होती. पण कप्तानाच्या नोंदी भिववतात त्या तो फार थोडं सांगतो म्हणून. त्याला दिसतं एवढंच की काल होता तो माणूस आज नाही. चित्रपटाने तिथे पंखवाला, दातवाला प्राणी आणून उभा केला आणि कप्तान बिचारा बाजूला पडला.

आणि ज्या बाईची गोष्ट लिहायला हवी होती, ती मला अजून कुठे भेटलेली नाही. ‘ड्रॅक्युला’त काउंटची बळी ठरलेली तरुण ल्युसी मरते तेव्हा पिशाचांचा जाणकार डॉक्टर व्हॅन हेल्सिंग तिच्या ओठांवर सोन्याचा छोटा क्रूस ठेवतो. घरातली एक बाई तो चोरते. व्हॅन हेल्सिंग तो परत मिळवतो, पण तोवर उशीर झालेला असतो. ल्युसी पिशाच होऊन कबरीतून उठते आणि लहान मुलांच्या मागे लागते. तो विद्वान गृहस्थ त्या चोरट्या बाईबद्दल चार कडक शब्द बोलून मोकळा होतो. ती कोण होती? या घरातल्या नोकराण्यांनी आधी काय काय सोसलं आहे ते पाहा. काही रात्रींपूर्वीच मोठा लांडगा खिडकी फोडून आत घुसलेला, धाकट्या बाईसाहेबांची आई भीतीने जागच्या जागी मेलेली, आणि धीर यावा म्हणून घेतलेल्या दारूत कुणीतरी अफूचा अर्क मिसळल्याने चौघी मोलकरणी जेवणघरात जमिनीवर बेशुद्ध. आता घरात मालकीण नाही, तिची मुलगीही गेली, घर बंद होणार. अशा वेळी प्रेतावरचं एवढंसं सोनं एखादीने उचललं, तर तिला भूतपिशाच ठाऊक नव्हतं. महिनाअखेर ठाऊक होती. लंडनमधल्या मुलांच्या गळ्यांवरच्या जखमांचा दोष त्या बाईच्या माथी मारून कादंबरी पुढे जाते. इथे एक अख्खं पुस्तक पडून आहे.

‘फ्रँकेन्स्टाइन’च्या वाट्याला मुख्यतः व्हिक्टरची वाग्दत्त वधू एलिझाबेथ आली. थिओडोर रोझॅक यांनी १९९५ मध्ये तिच्या आठवणी लिहिल्या, किएर्स्टन व्हाइट यांनी २०१८ मध्ये तिला चांगलंच धूर्त आणि जगण्यासाठी धडपडणारं केलं. दुसरी वाचनीय आहे. पहिली फार बोलते. मला मात्र चुटपुट लागते जस्टिन मॉरिट्झची. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून त्या प्राण्याने केला, फासावर गेली ही नोकराणी. आणि धर्मगुरूने बहिष्काराची भीती घातली म्हणून न केलेला गुन्हा तिने कबूलही केला. व्हिक्टरला खरं माहीत होतं. तो गप्प बसला. इगोरचं तर नावच घेऊ नये, कारण कुबडा इगोर शेलीच्या कादंबरीत नाहीच. १९३१च्या चित्रपटात मदतनीस होता त्याचं नाव फ्रिट्झ. ‘इगोर’ हे नाव १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये आलं आणि तोही मदतनीस नव्हता. २०१५ मध्ये इगोरच्या नजरेतून आख्खा चित्रपट काढला गेला. मुळात नसलेल्या माणसाची दुसरी बाजू, असा तो मामला.

या सगळ्या वाटेवर पहिला खरा मैलाचा दगड म्हणजे जीन ऱ्हिस यांची १९६६ची ‘वाइड सारगॅसो सी’. ‘जेन एअर’ला कुणी भयकथा म्हणत नाही. पण थॉर्नफिल्ड वाड्याचा तिसरा मजला, रात्री ऐकू येणारं हसू, फाडलेला बुरखा, पेटलेला पलंग, हे सगळं भयकथेचंच सामान आहे आणि त्या भयाचं नाव आहे बर्था, मालकाची कोंडून ठेवलेली वेडी बायको. शार्लट ब्राँटेने तिला एकही वाक्य दिलं नाही. ऱ्हिस या डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या, कॅरिबियन बेटांवरची गोरी मुलगी इंग्लंडात कशी परकी ठरते हे अंगावर काढलेल्या. त्यांनी बर्थाला तिचं आधीचं नाव दिलं, आंत्वानेत. आणि नवऱ्याला मात्र सबंध पुस्तकात नावच दिलं नाही. ही अद्दल मला फार आवडते. आधीची कादंबरी १९३९ साली आलेली, आणि ही प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका ७६ वर्षांच्या होत्या.

पण मी इथे बोट ठेवणार आहे ते तिसऱ्या भागाच्या सुरुवातीवर. तिथे थोडी पानं ग्रेस पूल बोलते. वेड्या बाईवर पहारा ठेवणारी, ‘जेन एअर’मध्ये त्या हसण्याचा आळ जिच्यावर येतो ती दारूबाज राखणदारीण. पगार किती ठरला, वाढवून किती मिळाला, याचा ती हिशेब सांगते. आणि हे जाड भिंतींचं घर बाईमाणसाला बाहेरच्या क्रूर जगापासून आडोसा आहे, असं तिला वाटतं. जेन त्या घरात घाबरते, आंत्वानेत त्या घरात कोंडली जाते, आणि त्याच घरात ग्रेसला सुरक्षित वाटतं! एकाच वास्तूबद्दल तीन बायकांच्या तीन भावना. अख्ख्या कादंबरीत मला हे सगळ्यांत अस्सल वाटलं.

ऱ्हिस यांनाही सगळ्यांना बोलतं करता आलेलं नाहीच. आंत्वानेतची दाई क्रिस्तोफीन, मार्टिनिकहून आलेली, जडीबुटी आणि मंत्रतंत्र जाणणारी काळी बाई, नवऱ्याच्या तोंडावर खरं बोलते आणि मग कादंबरीतून निघून जाते. कोलकात्यात जन्मलेल्या विदुषी गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ साली एका निबंधात नेमकं हेच दाखवून दिलं: गोऱ्या क्रिओल बाईला न्याय देण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात क्रिस्तोफीन काठावरच राहते. त्याच निबंधात त्यांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’ही घेतला आहे. उपेक्षिताची कथा लिहायला बसलं की आणखी एक उपेक्षित मागे उभा राहतो, ही या प्रकारातली न संपणारी अडचण आहे.

आता बिघडतं कुठे ते पाहू. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ १८९८ची. एका दूरच्या वाड्यात दोन पोरकी मुलं, त्यांना सांभाळायला आलेली तरुण शिक्षिका, आणि तिला दिसणारी दोन मेलेली माणसं, नोकर पीटर क्विंट आणि आधीची शिक्षिका मिस जेसल. भुतं खरी की शिक्षिकेच्या डोक्यातली? समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९३४ साली दुसरी बाजू ठासून मांडली, तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही. १९७१च्या ‘द नाइटकमर्स’ या चित्रपटाने काय केलं? क्विंट आणि जेसल जिवंत असतानाची कथाच दाखवून टाकली. क्विंट म्हणजे साक्षात मार्लन ब्रँडो. मुलं बिघडली कशी, दोघं मेली कशी, सगळं पायरी-पायरीने समजावून दिलं. भुतांचा इतिहास कळला आणि भुतं गेली. शवागारातला अहवाल वाचून कुणी घाबरत नाही.

याउलट जॉन हार्डिंग यांनी २०१० साली ‘फ्लॉरेन्स अँड जाइल्स’मध्ये तोच सांगाडा घेतला, पण १८९१च्या अमेरिकेत नेला आणि बारा वर्षांच्या मुलीला बोलायला लावलं. काकाने तिला शिकायची बंदी केलेली आहे. ती चोरून वाचायला शिकते आणि स्वतःची एक विचित्र भाषा बनवते, नामांची क्रियापदं करते, शब्द वाकवते. नवी शिक्षिका भूत आहे असं तिला वाटतं. वाचकाला आधी मुलीची काळजी वाटते आणि हळूहळू मुलीचीच भीती वाटायला लागते. काहीही उलगडून न सांगता हार्डिंग यांनी संशयाची दिशा फिरवली. असं करणारे विरळा.

जेम्सच्या त्या वाड्यात आणखी एक जण आहे, मिसेस ग्रोस, घरची जुनी व्यवस्थापक. तिला लिहिता-वाचता येत नाही. मुलाला शाळेतून काढल्याचं पत्र शिक्षिका तिच्यापुढे धरते तेव्हा ती ते घेत नाही, हात मागे घेते. भुतं तिला दिसत नाहीत, पण ती शिक्षिकेवर विश्वास ठेवते. का ठेवते, हा त्या कादंबरीतला मला सतावणारा प्रश्न आहे. खरंच पटलं म्हणून, की शिकलेल्या बाईपुढे ‘मला काही दिसत नाही’ म्हणायची हिंमत होत नाही म्हणून? तिची गोष्ट कुणी लिहायची तर ती तिच्या रोजनिशीतून लिहिता येणार नाही, सांगावी लागेल. इंग्रजी उत्तरकथांना डायरीचा फार सोस आहे. ज्याला अक्षर येत नाही तो त्यांच्या हाताला लागत नाही.

अलीकडच्या पुस्तकांत माझ्या मते पहिला मान व्हिक्टर लव्हाल यांच्या ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’चा, २०१६चा. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट दोनेक वर्षं न्यूयॉर्कमध्ये राहिला आणि तिथल्या परदेशी, काळ्या, गरीब वस्तीला पाहून त्याला शिसारी आली. ती शिसारी त्याने १९२७ साली छापून आलेल्या ‘द हॉरर अॅट रेड हुक’मध्ये ओतली. त्या कथेतली माणसं म्हणजे निव्वळ गर्दी, घाण आणि कुजबुज. लव्हाल स्वतः कृष्णवर्णीय, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेले आणि पोरवयापासून लव्हक्राफ्टचे वाचक. त्यांनी त्या गर्दीतून एक टॉमी टेस्टर काढला, हार्लेममधला, गिटार घेऊन फिरणारा, पोटासाठी लहानमोठी लबाडी करणारा. त्याच्या बापाला एक गोरा डिटेक्टिव्ह घरात घुसून गोळ्या घालतो. हातातली गिटार त्याला म्हणे बंदूक वाटली. माणसाची काडीइतकीही पर्वा न करणारे प्राचीन देव लव्हक्राफ्टला जगातली सर्वांत भयंकर गोष्ट वाटत. आपल्यावर सतत नजर ठेवून असलेल्या माणसांपेक्षा टॉमीला ते बेफिकीर देव परवडतात. मूळ कथेतला एक शब्दही न खोडता तिचं भय मुळापासून उलटलं गेलं. उत्तरार्धात सूत्रं मूळ कथेतल्या पोलीस डिटेक्टिव्ह मॅलोनच्या हाती जातात तिथे पकड जरा सैल होते, तरी शर्ली जॅक्सन पुरस्कार या पुस्तकाला मिळाला तो योग्यच.

हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांतल्या पुस्तकांभोवतीच का फिरतं, याला वाङ्मयीन कारणाइतकंच कायद्याचंही कारण आहे. स्वामित्वहक्क जिवंत असला की वारस आडवे येतात. ‘नोस्फेराटू’ हा १९२२चा जर्मन मूकपट ‘ड्रॅक्युला’वरून परवानगीवाचून बेतला, म्हणून स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि त्याच्या प्रती नष्ट करायचा निकाल मिळवला. काही वाचल्या, म्हणून आज तो पाहायला मिळतो.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटायचं कारण नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर त्याचा भाऊ शोणही बोलतो. महाभारतात ज्याचं नाव शोधावं लागेल, त्याला सावंतांनी प्रकरणं दिली आणि लाखो घरांत तो वाचला गेला. मग भयकथेत हे का झालं नाही? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचा मोठा वाचकवर्ग असूनही? माझा अंदाज असा की उलटून सांगायला आधी सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट लागते. पुराणं आपल्याला पाठ आहेत. भुताची कुठलीही एक गोष्ट नाही. दुसरं म्हणजे आपलं भूत आधीच किरकोळ पात्र असतं. मुंजा म्हणजे लग्नाआधी मेलेला बटू, हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली सून. आणि रात्री अंगणात ती गोष्ट सांगणाराही कधी ‘मी पाहिलं’ म्हणत नाही. पाहिलेलं असतं मामाच्या गड्याने, नाहीतर शेजारच्या काकांच्या ड्रायव्हरने. तो गडी समोर कधी येत नाही.

तरीही एक जागा आहे, आणि तिथे आपला हक्क इंग्रजांपेक्षा जास्त पोचतो. जेम्सच्या कथेतली ती दोन मुलं पोरकी का झाली? त्यांचे आईवडील हिंदुस्थानात वारले. किपलिंगच्या १८९०च्या ‘द मार्क ऑफ द बीस्ट’मध्ये हनुमानाच्या मंदिरातला महारोगी सबंध कथेत एक शब्द बोलत नाही, फक्त पाणमांजरासारखा आवाज काढतो, आणि दोन साहेब बंदुकीची नळी तापवून त्याच्याकडून हवं ते करवून घेतात. आणि डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची ‘द मंकीज पॉ’, १९०२ची. ही गोष्ट ज्याने वाचली नाही त्याने कुठल्यातरी नाटकात, मालिकेत किंवा शाळेच्या पुस्तकात ती पाहिलेली असते. हिंदुस्थानातून परतलेला सार्जंट-मेजर मॉरिस वाळवलेला माकडाचा पंजा आणतो. तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या करायची शक्ती त्यात आहे. म्हातारा व्हाइट घराचं कर्ज फेडायला दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो आणि मुलगा यंत्रात सापडून गेला, हे सांगून दोनशे पौंड देतो.

हा कारखान्याचा माणूस पाहा. दारापाशी घुटमळतो, तीनदा परत फिरतो, आत आल्यावर नजर वर करत नाही, आणि कंपनी कुठलीही जबाबदारी मान्य करत नाही हे तेवढं स्पष्ट सांगतो. इंग्लंडात १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता आणि मृत्यूबद्दल १५० ते ३०० पौंडांची मर्यादा त्यात घातलेली होती. म्हणजे दोनशे हा आकडा पंजाने हवेतून काढलेला नाही, तो त्या काळच्या एखाद्या खातेवहीत सहज सापडेल असा आहे. या माणसाने त्या महिन्यात असे किती दरवाजे ठोठावले असतील? पंजा त्याला ठाऊकही नाही. त्याच्या बाजूने ही गोष्ट लिहिली तर तिच्यातून जादू सगळी काढून टाकता येईल आणि तरीही ती वाचून झोप येणार नाही.

आणि तो फकीर. पंजात मंत्र भरणारा तो हिंदुस्थानी म्हातारा कथेत कधीच समोर येत नाही. त्याने हे का केलं, नशिबाशी खेळू नये हे दाखवायला, हेसुद्धा आपल्याला कळतं ते एका गोऱ्या सार्जंट-मेजरच्या तोंडून, व्हिस्कीच्या तिसऱ्या पेल्यानंतर. गावाचं नाव नाही, भाषा नाही, मॉरिसच्या हाती पंजा नेमका कसा लागला त्याचाही पत्ता नाही. पलटणीचा शिपाई आणि गावचा फकीर यांच्यात वस्तूची देवघेव कशी व्हायची, हे आपल्याकडच्या कुणाही लेखकाला जेकब्जपेक्षा चांगलं ठाऊक असेल. ही गोष्ट मराठीत कुणीतरी लिहावी. लिहायला घेणाऱ्याला विनंती एकच: फकिराला काहीही बोलू द्या, पंजात मंत्र का भरला ते मात्र त्याच्याकडून वदवून घेऊ नका.